रिच खाणं

मस्तगडच्या डॉक्टरनं मला सांगितलं, "आजी, रिच खाणं बंद." मी चौथी शिकलेली. बाहेर बाकावर एक किडकिडीत म्हातारा बसला होता. खिशाला पेन होता, म्हणून त्यालाच विचारलं, "हे रिच म्हंजे काय हो?"

"तूप, साय, तळलेलं," तो म्हणाला. "मी इंग्रजी शिकवायचो. या शब्दाचा मूळ अर्थ राजासारखा, सत्ता असलेला. मंग तो पैसेवाला झाला अन् शेवटी तूपवाला."

त्याचा सदरा कोपरावर विरला होता. मी टोमणा मारला, "मंग तुम्ही कधी राजे होता का?"

"होतो की. बायको पुरणपोळीवर तूप वाढायची. मी ताटावर हात आडवा करीपर्यंत तिची धार थांबायची न्हाई. मी मुद्दाम उशीर करायचो." बोलता बोलता त्यानं मांडीवरच्या कागदांवर हात आडवा धरला आणि तसाच ठेवला.

"अन् आता?"

"ती गेली. सून तुपाची बरणीच समोर ठेवते. म्हणते, घ्या मामा, पाहिजे तेवढं. हातानं घ्यावं वाटत न्हाई, बाई."

तेवढ्यात त्याचा नंबर आला आणि तो आत गेला.

आमचे मालक जाऊन सहा वर्षं झाली. मी घाईघाईनं त्यांच्या ताटात चमचाभर तूप टाकायची आणि चुलीकडं वळायची. हात आडवा करायची वेळ मी त्यांच्यावर कधी येऊच दिली नाही.