टोपलीखालचं पीठ

सासऱ्यांच्या तेराव्याला झुंबरबाई येईल आणि माझ्या लेकीच्या, प्रमिलाच्या पोटाकडे बघून काहीतरी बरळेल, ही धास्ती डोक्यातून जात नाही. प्रमिलाला सातवा महिना आहे, आणि तेराव्याला ती धुळ्याहून येणार आहे.

झुंबरबाई आमच्या एरंडोलचीच. ठेंगणी, तंबाखूने दात काळे पडलेली. माणूस जातं तिथे रात्री पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर जे उमटेल तो गेलेल्याचा निरोप, आणि तो वाचायचा मान हिचा. स्वतःचं नाव वाचता येत नाही, पण मेलेल्यांचं वाचते! पैसे घेत नाही, हे स्वतःच चारदा सांगते. मयताची एखादी वस्तू मात्र उचलते. तिच्या ओसरीवर मेलेल्यांच्या छत्र्या रांगेने टांगल्यात आणि बाई पावसात गोणपाट पांघरून फिरते.

तिचा नवरा गेला तेव्हा पीठ कोरंच राहिलं होतं, असं सासूबाई सांगतात. तीन दिवस ती टोपली उचलून बघत होती म्हणे. तेव्हापासून कुणाचंच पीठ ती कोरं राहू देत नाही.

माझे सासरे, आबा, गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. आधी चहा मागितला. बशीत ओतून फुर्रकन प्यायली, मग टोपली उचलली.

"हाई देखा, तीन बोटं. पाखरू व्हयी गया आबा."

सासूबाई रडायला लागल्या. "कुठे गेले गं?"

"धुयाकडे. बठ्ठासना निरोप लिन्हा, नातना राह्यना."

सगळ्यांचा निरोप घेतला, नातीचा तेवढा राहिला म्हणे. धुळ्याची नात म्हणजे प्रमिला. गरोदर पोर मयताला नको, म्हणून मीच तिला येऊ दिलं नव्हतं.

"झुंबरअक्का, पाखराला धुळ्याचा रस्ता कुणी दाखवला?" मी विचारलं.

"तू शिकेल शे ना बाई, तूच सांग," ती म्हणाली आणि आबांची बॅटरी पदरात बांधून गेली.

मला सांगता आलं असतं. पहाटे दिवा फडफडताना दिसला म्हणून मी टोपली उचलून तेल घातलं. तोल जाऊन तीन बोटं पिठात टेकली. टोपलीला हात लावायचा नसतो. सासूबाईंच्या भीतीने मी गप्प बसले. बी.ए. झालेली मी!

माझे दीर रुपचंदभाऊ कापसाच्या कामाला धुळ्याला गेले आणि पाखराचं हे सगळं प्रमिलाला रंगवून सांगून आले. आज तिचं कार्ड आलं: "आई, गॅलरीत रोज एक साळुंकी येते. मी भिऊन तिला हाकलते. मग वाटतं, आबांना हाकललं. दोन दिवस झोप नाही, जेवण जात नाही."

झुंबरबाईला हसणं सोपं आहे. ती निदान समोर बसून खोटं बोलते. मी गप्प राहून तेच केलं, आणि भोगतेय माझी पोर.

सकाळी चौकातला एसटीडी बूथ उघडला की धुळ्याला फोन लावणार. फोन तिच्या घरमालकांकडे येतो, सगळं घर ऐकेल, रुपचंदभाऊंमार्फत सासूबाईंपर्यंतही पोचेल. पोचू दे. ती बोटं माझी होती, एवढं तिला सांगायचं. आणि साळुंकीला दाणे टाक म्हणायचं, साळुंकी म्हणून.