दुमडलेली पट्टी

आठवीच्या मुलांनी पुढे कोणत्या हायस्कूलला जावं, हे गेली अठरा वर्षं समुपदेशक बाईच बघत. मुलांनी संगणकावर भरलेले पसंतीचे फॉर्म छापून आले की नाव आणि फोन नंबराची वरची पट्टी ऑफिसातला कारकून दुमडून पिन मारायचा, मगच गठ्ठा बाईंच्या टेबलावर. "नाव दिसलं की आधी बाप दिसतो," बाई म्हणायच्या, "मला पोर ऐकायचंय."

त्या दुपारी एक फॉर्म वाचता वाचता बाई ताडकन उठल्या. कुणा मुलीने सगळ्यात लांबची शाळा मागितली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'जाता-येता तीन तास बसमध्ये जातील. तेवढा वेळ तरी आई माझं काही ठरवणार नाही.'

"आई आहे की हवालदार?" बाईंचा पारा चढला. "पोरीचा जीव घुसमटलाय आणि हिला पत्ताच नाही! लावा फोन त्या बयेला. चांगली खरडपट्टीच काढते."

कारकुनाने पिन काढून पट्टी उलगडली. त्याचा चेहरा पडला. "बाई, राहू द्या ना आज."

"लावा म्हटलं ना!"

त्याने मान खाली घालून नंबर दाबला. तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन खणखणला.

"आता हे कोण मध्येच?" म्हणत त्यांनी तो बाहेर काढला. पडद्यावर 'शाळा ऑफिस' अशी अक्षरं होती.

फोन हातात वाजतच राहिला. लेकीचा फॉर्मही याच गठ्ठ्यात असेल, हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचं काय, घरी सगळं ठरलेलंच होतं.