आवाज गेलेला ट्रक

संत्र्याचं साल सोललं की ते प्रकरण अजूनही माझ्यासमोर येऊन उभं राहतं. तेव्हा मी अमडापूरच्या भागात ठाणेदार होतो. थंडीचे दिवस होते आणि सकाळी धुकं इतकं दाट असायचं, की ठाण्यासमोरचा लिंब दुपारपर्यंत अर्धाच दिसायचा.

अशाच एका सकाळी एक ट्रकवाला पायी ठाण्यात आला. सोनाळ्याचा माणूस, स्वतःचा छोटा ट्रक, बालमित्राच्या बागेतली संत्री भरून चिखलीकडे निघालेला. उतारावर गाडी बंद पडली, फोनला रेंज नव्हती, म्हणून तो मिस्तरी शोधायला चालत गावात आला. मिस्तरीला घेऊन परत जातो, तर ट्रक रिकामा. एक कॅरेट शिल्लक नव्हतं.

दुपारी तो मित्रच फिर्याद द्यायला आला. चोरी वगैरे काही नाही, यानंच माल विकला आणि गाडी बिघडल्याचं सोंग केलं, असं त्याचं म्हणणं. दोघं एका आळीत वाढलेले, पण एकमेकांकडे बघत नव्हते. गावातल्या सगळ्या बागांचा माल हा ट्रकवालाच नेत असे. विश्वास गेला असता, तर त्याला सोनाळ्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी त्याचा जबाब घ्यायला बसलो. गाडी बंद कशी पडली, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. खोटं बोलणाऱ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. याच्याकडे एकही नव्हतं. 

"इंजिनचा आवाजच गेला, साहेब," तो म्हणाला. "मले वाटलं मीच बहिरा झालो. गाडी तं उतारानं चालूनच राह्यली होती, धुक्यातून, मुकाट्यानं. सपनात असल्यावानी वाटे."

ठाणे अंमलदार हसला. मला हसू आलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी पोलिसांच्या मोटार विभागात होतो. टायमिंग बेल्ट तुटला, की इंजिन असंच एकाएकी गप्प होतं.

पंच, मिस्तरी आणि त्या दोघांना घेऊन मी उतारावर गेलो. धुकं विरलं होतं, रस्त्यावर पिवळं ऊन पडलं होतं आणि रिकाम्या हौद्याला संत्र्यांचा वास तसाच होता. क्षणभर मी कशासाठी आलोय तेच विसरलो. मग किल्ली फिरवली. स्टार्टर भराभरा फिरला, पण इंजिनात जोरच नव्हता. मिस्तरीनं कव्हर काढलं. आत बेल्टचे दोन तुकडे.

"कापला असंन यानंच," मित्र म्हणाला.

तुकड्यांचे दात झिजलेले होते आणि टोकांना दोरे लोंबत होते. तरी मी इंजिनाचं हेड उघडायला लावलं. हा बेल्ट वरच्या व्हॉल्व्हचा आणि खालच्या पिस्टनचा मेळ राखतो. चालत्या गाडीत तो तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. उभ्या गाडीत कुणी कापला, तर व्हॉल्व्ह सहसा शाबूत राहतात. हेड निघालं, व्हॉल्व्ह वाकलेले होते. मित्रानं ते हातात घेऊन पाहिले आणि खाली ठेवले.

माल विकला नाही, हे त्यावरून सिद्ध होत नव्हतं. पण मी अटक थांबवली. पुढच्या आठवडी बाजारात माझ्या खबऱ्याला एक पिकअप दिसली. संत्री मातीमोल भावात चालली होती आणि विकणाऱ्या दोघांना बाग कुठली ते सांगता येईना. ठाण्यात आणल्यावर त्यांनी कबूल केलं. धुक्यात बेवारस ट्रक दिसला, मोह आवरला नाही. बराचसा मुद्देमाल मिळाला. त्या दिवशी लॉकअपपासून ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत ठाणं संत्र्यांनी दरवळत होतं. एवढं गोड ठाणं मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे कितीतरी जबाब घेतले. सांगणं विचित्र वाटलं, की हसण्याआधी तपासायचं, हे मी त्या ट्रकवाल्याकडून शिकलो. खरं बोलणारा स्वतःच चक्रावलेला असतो.

ट्रक दुरुस्त झाला, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं, पण तो निघेना. स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसला. मित्र खाली उभा होता. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. तो वळसा घालून गेला, दार उघडून शेजारी बसला.

ट्रकवाल्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता आइकू येऊन राह्यलं, साहेब."