शेवटच्या नळाची हळद

निसारभाई कुठल्याही गावात गेले की चहाला नाही म्हणायचे. कायमचे नव्हे, शेवटच्या घरचं पाणी तपासून होईपर्यंत. पिशोरकडच्या सगळ्या पट्ट्यात हे ठाऊक होतं. सरपंच खुर्ची पुसून देत, कपबशा पुढे येत, आणि हे आरोग्य सहायक खांद्याला पिशवी अडकवून नळाच्या पाइपामागे चालू लागत. "टाकीपाशी समदं गोडच असतंय, भाऊसाहेब. गावाचा खरा हाल शेवटचा नळ सांगतो. आधी पाणी, मग चहा."

भाऊसाहेब म्हणजे मी, तेव्हाचा नवाकोरा ग्रामसेवक. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला जेवू घालतात. टाकीत रोज ब्लिचिंग पावडर पडते का हे बघणं माझं काम, आणि मी ते बघतो का हे बघणं निसारभाईंचं. मी बघत नव्हतो. त्यांच्या तपासणीचा निरोप आला, तशी ते यायच्या दिवशी सकाळी दुप्पट पावडर टाकायला लावली आणि महिन्याभराची नोंदवही एका बैठकीत, एकाच पेनाने भरली. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.

शेवटचं घर पारूबाईंचं. निसारभाईंनी काचेची नळी भरली, औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर बेताची असली की नळी पिवळी होते. त्याला ते हळद म्हणत. त्या दिवशी नळी चक्क केशरी झाली.

"मावशी, पाण्याला वास येतो का?"

"आज लई मारतोय बाबा. कालपर्यंत तर नव्हता."

निसारभाई माझ्याकडे वळले. "लग्नाच्या दिवशी हळद कोन बी लावतं, भाऊसाहेब. संसार रोजचा हाय."

त्यांनी गावाला लाल कार्ड लिहिलं, म्हणजे पाणी धोक्याचं. सगळ्या तालुक्यात बोभाटा होणार होता. मी गयावया केली, "निसारभाई, पिवळं तरी द्या. नोकरी अजून कच्ची आहे माझी."

त्यांनी ओसरीकडे बोट केलं. पारूबाईंची नात जुलाबांनी मलूल होऊन गोधडीवर पडली होती. "हिची तब्येत बी कच्चीच हाय," एवढंच म्हणाले आणि तिला दवाखान्यात न्यायला स्वतः जीप बोलावली.

पोरगी वाचली. मी मात्र आठवडाभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आणि हा माणूस, कुणाचा आदेश नसताना, दर दोन दिवसांनी जुनाट स्कूटरवरून येऊन माझ्यासोबत टाकीवर चढत होता. पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, हे त्यांनी हाताला धरून शिकवलं. नोंदवहीची भानगड त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती, पण कुणापाशी बोलले नाहीत. पुढच्या तपासणीत हिरवं कार्ड मिळालं, तेव्हा लागोपाठ दोन कप चहा प्याले.

निवृत्तीनंतर ते संभाजीनगरात क्रांती चौकापलीकडच्या एका वसाहतीत राहत. तिथे सगळ्यांची मिळून एक बोअर, गच्चीवर टाकी. सरकारी माणूस तिकडे कधी फिरकत नसे. पावडर हेच टाकत. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. भाभींनी चहाचं आधण ठेवलं.

"भाऊसाहेब, पिशवी खुंटीला हाय. आधी पाणी."

स्वयंपाकघरात नळी भरली, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"लागली का हळद?" आतून क्षीण आवाज आला.

हो म्हणावंसं फार वाटलं. त्यांना कुठे दिसणार होतं? तोंडात आलेला शब्द गिळला. "नाही, निसारभाई."

ते डोळे मिटून हसले. "मग लिहा लाल कार्ड. माझ्या नावानं."

मी गच्चीवर गेलो आणि पावडर कालवायला बसलो. पावडर किती, पाणी किती ते विचारत भाभीही मागोमाग वर आल्या.

पंधरा दिवसांनी निसारभाई गेले. चाळिसाव्याला गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. भाभी चहाचा कप घेऊन आल्या. पण माझ्या हातात दिला नाही. खुंटीवरची पिशवी काढून दिली. मी नळी भरली, थेंब टाकले. रंग येईपर्यंत त्या कप धरून उभ्या राहिल्या. हळद लागली, तशी त्यांनी कप पुढे केला. मला मात्र तो पटकन घेता आला नाही.