शेवटचा ‘ना’

नसरीनच्या कामात चूक सापडावी म्हणून मी हेडफोन लावून बसले होते. हेतू शुद्ध नव्हता, हे आधीच सांगते.

मी समाजशास्त्राची संशोधक. शहरातल्या एका संस्थेत वीस वर्षं झाली. वाळूजच्या कारखान्यांतून बायका नोकरी का सोडतात, यावर आमचा प्रोजेक्ट होता. माझ्या मुलाखतींत जवळजवळ सगळ्याजणींचं उत्तर एकच: घरच्यांचा विरोध. नसरीन आमची नवी असिस्टंट, फुलंब्रीहून रोज बसनं येणारी. मी मुलाखती घेतल्या त्याच वस्तीतल्या बायकांनी तिला भलतंच सांगितलं. काम सोडून बाथरूमला जायचं तर टोकन घ्यावं लागे, आणि अख्ख्या लाइनीला टोकन एकच. बायका पाणीच पीत नसत. दुखणी मागं लागली तशा नोकऱ्या सुटल्या.

आमचे प्रोजेक्टप्रमुख सर ते वाचून खूश. म्हणाले, “हा चॅप्टर नसरीनला लिहू द्या.”

तो माझा चॅप्टर होता. मी जळले, दुसरा शब्द नाही. सरांना म्हटलं, पोरीनं उत्तरं वदवून घेतली असतील, रेकॉर्डिंग तपासते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाखतीचा शब्दन्‌शब्द उतरवलेला कागद, समोर ठेवून ऐकत गेले. नसरीन जवळजवळ बोलतच नव्हती. “मग?” म्हणायची आणि थांबायची. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ओळखीचा आवाज आला. सुनीताताई, नाव बदललंय. त्यांची मुलाखत मीही घेतली होती. आणि तिथंच चूक सापडली. त्यांचं काही बोलणं कागदावर नव्हतंच. ट्रान्सक्रिप्टमधून काहीही गाळायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मला आनंद झाला. मागं जाऊन पुन्हा ऐकलं.

“त्या मोठ्या मॅडम आल्या व्हत्या,” सुनीताताई सांगत होत्या. “म्हणल्या, घरच्यांनी सोडायला लावली ना? म्या म्हणलं, व्हय. लई उन्हातून आल्या व्हत्या, नाय कसं म्हणावं?”

हेडफोन काढले. माझ्या फायली उघडल्या. पानापानावर माझ्या प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ आणि खाली बायकांचं ‘व्हय’. मी ते सगळे होकार धरले होते. त्या बायका फक्त पाहुणीचा मान ठेवत होत्या.

नसरीनला विचारलं, हे का गाळलंस?

ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, हे सगळं सर वाचतात. बरं नसतं दिसलं.”

तिनं मला सांभाळून घेतलं होतं. याचा राग जास्त आला. चूक केली तीही माझ्यासाठी, म्हणजे धड भांडताही येईना.

नुसतं ‘ट्रान्सक्रिप्ट अपुरं आहे’ एवढंच सरांना सांगितलं असतं, तर चॅप्टर मला परत मिळाला असता. रेकॉर्डिंग कोण ऐकतंय? दोन दिवस मी हाच विचार केला. तिसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये जाऊन ते रेकॉर्डिंग लावलं.

सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “आता तुमच्या मुलाखतींचं काय?”

“बाद,” मी म्हटलं. “पुन्हा घेते.”

रिपोर्टमध्ये ‘अभ्यासाची पद्धत’ या भागात दोन्ही चुका मी स्वतः लिहिल्या. तिची दोन ओळींत बसली, माझ्या चुकीला दीड पान लागलं. चॅप्टर तिच्याच नावानं छापला गेला.

रिपोर्टची प्रत हातात घेऊन नसरीन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटलं ना?”

मी म्हटलं, “नाही गं.”

प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावला की असंच उत्तर मिळतं.