पिवळा पट्टा ओलांडायचा नसतो

डॉक्टरांनी ह्यांना केबिनबाहेरच्या बोळात चालून दाखवायला सांगितलं. हे गेले, वळले, परत आले. दार उघडं ठेवून डॉक्टर बघत होते, मीही बघत होते, आणि मला त्यात काही खोट दिसली नाही. मग डॉक्टर म्हणाले, "चालताना डावा हात हलतो, उजवा हलतच नाही. हे कधीपासून आहे?"

मी काय सांगणार? मला वाटायचं, सुपरवायझर झाल्यापासून हे असेच रुबाबात चालतात.

डॉक्टरांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवायला लावलं, मनगट धरून फिरवून पाहिलं, कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. ह्यांचं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं. "पार्किन्सन्स आहे," डॉक्टर म्हणाले. "एमआरआय करू, पण तो दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला. हा आजार माणसाकडे बघूनच ओळखावा लागतो." मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, ते हालचालीला वंगणासारखं लागतं आणि ह्यांच्यात ते कमी तयार होतंय, असं त्यांनी समजावलं. आजार बरा होत नाही, हळूहळू वाढतो, पण गोळ्यांनी बराच काळ आटोक्यात राहतो. हे सगळं ऐकून ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग ड्युटीचं काय?"

आमचे हे, दत्तात्रय, मूळचे लातूरकडचे. आयटीआय करून चाकणला आले आणि तिथल्याच एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत अंगावर शर्टाऐवजी युनिफॉर्मच वाढला म्हणा ना. सुट्टीच्या दिवशीही सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला जागे होणार आणि मग मला उठवणार. तेव्हा ड्युटीचा प्रश्न त्यांच्यासाठी पगारापुरता नव्हता, हे मला त्या केबिनमध्येच कळलं. त्याआधी आम्ही सहा-आठ महिने खांदा शेकत बसलो होतो. उजवा खांदा आखडायचा, म्हणून कुणी फ्रोझन शोल्डर म्हणालं, कुणी मालिश सुचवली. तुमच्या घरात कुणाचा एक खांदा दुखत असेल, अक्षर बारीक होत असेल आणि एक हात चालताना अंगाला चिकटून राहत असेल, तर मालिशवाल्याकडे जायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. तेवढंच सांगते, कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि पहिली दोन वर्षं खरंच बरी गेली. वेळ मात्र काटेकोर पाळावी लागते आणि गोळी जेवणाआधी घ्यायची असते. ह्यांना वेळेचं काय सांगायचं? मीच कधी पाणी द्यायला उशीर केला की मला मेमो मिळायचा.

मग पाय अडकायला लागले.

ह्याला फ्रीझिंग म्हणतात. माणूस चालता चालता एकदम जागच्या जागी थिजतो. डोकं म्हणतं चल, अंग पुढे झुकतं, पण पावलं फरशीला डिंकानं चिकटल्यासारखी राहतात. उंबऱ्यात, वळताना, अरुंद जागेत हे जास्त होतं. आमच्या मोशीच्या घरात न्हाणीघराचं दार अरुंद, स्वयंपाकघराचं त्याहून अरुंद. हे दारात उभे राहायचे आणि मी हात धरून ओढायची. ओढलं की तोल पुढे जातो आणि पाय मागेच राहतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही ओढू नका.

कंपनीत ते एकदा फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर असेच थांबले. फोर्कलिफ्ट म्हणजे माल उचलणारी ती बुटकी गाडी, शॉपमध्ये, म्हणजे मशिनं असतात त्या भागात, सगळीकडे फिरत असते. ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक मारला, कुणाला काही लागलं नाही. पण कंपनीच्या डॉक्टरांनी ह्यांना रजेवर पाठवलं. ते मला फोनवर म्हणाले, "वहिनी, दत्ताभाऊ मला परत हवे आहेत. पण शॉपमध्ये त्यांना सुरक्षित चालता येतं, हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर मी सही करणार नाही."

ह्यात मला राग येण्यासारखं काही नव्हतं, तरी आला. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. हे घरी बसले ते नुसते बसलेच. पेपर उघडायचा, पान उलटायचं नाही. आमची घरमालकीण, आक्का, खालच्या मजल्यावर राहतात. मूळ मोशीच्याच, शेती गेली तरी बोलणं शेतावरचंच. त्या एकदा म्हणाल्या, "अगं सुनंदा, मालकास्नी कायतरी काम लाव. असा उभा बैल बसवून ठिवला का खंगतोया." मला बैल हा शब्द आवडला नाही, पण बाकी खरंच होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. मला वाटलं, पुन्हा व्यायाम. पण ते वेगळं निघालं. फिजिओथेरपी सांध्याला, स्नायूला बळ देते, आणि ऑक्युपेशनल थेरपी विचारते की तुमच्या दिवसात तुम्हाला काय काय करायचं असतं आणि ते कुठे अडतं. शर्टाची बटणं, ताटातला घास, अंथरुणातून उठणं, नोकरी, सगळं त्यात येतं. आमच्या थेरपिस्ट मृणाल मॅडम, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांच्या वेटिंगमध्ये आमच्यासारखे म्हातारे कमी आणि स्वमग्न मुलांच्या आया जास्त. एका आईनं मला सांगितलं की तिच्या मुलीला स्वतःच्या हातानं वरण-भात खायला शिकायला वर्ष लागलं. हे सांगताना तिचा चेहरा मुलगी कलेक्टर झाल्यासारखा होता. तेव्हा मी मनात हसले होते. आता हसत नाही.

मृणाल मॅडमनी पहिल्या दिवशी ह्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय परत हवंय?"

"कामावर जायचंय," हे म्हणाले.

"मग आपण त्याचीच तयारी करू. पण आधी घरातली दारं."

त्या घरी आल्या. पायपुसणी उचलायला लावली, मोरीत धरायला दांडा बसवायला सांगितला, वळताना जागेवर गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायला शिकवलं. आणि फ्रीझिंगवर त्यांचा हमखास उपाय होता तो म्हणजे फरशीवर आडव्या पट्ट्या. समोर पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. आमची फरशी गडद, म्हणून उठून दिसेल अशी पिवळी चिकटपट्टी त्यांनी आणली आणि दोन्ही दारांपुढे ओळीनं पट्ट्या मारल्या.

हे आले, पहिल्या पट्टीशी पोचले आणि थांबले. पूर्वी निदान पाय थरथरायचे, आता खुंटी ठोकल्यासारखे उभे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडमनी पट्ट्यांमधलं अंतर बदललं, पट्टी रुंद केली. काही फरक नाही. एरवी हसतमुख पोरगी, पण तिचा चेहरा उतरला. "बहुतेकांना ह्याचा उपयोग होतो," ती स्वतःशीच म्हणाली. हमखास उपाय चालला नाही, म्हणजे मग संपलंच, असं मला वाटलं.

तेव्हा हे जरा ओशाळून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण हा पिवळा आहे ओ."

"हो. मग?"

"पिवळा पट्टा ओलांडायचा नसतो."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला एकदम हसू फुटलं. कारण मला माहीत होतं. कंपनीच्या फॅमिली डेला आम्हा बायकांनासुद्धा आत सोडताना पहिली सूचना तीच होती. शॉपमध्ये चालायची वाट दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधून असते. पट्ट्यापलीकडे मशिनं, गाड्या, जोखीम. ह्यांची उभी नोकरी त्या पट्ट्यांच्या आत चालण्यात आणि ती ओलांडणाऱ्या पोरांना झापण्यात गेली. आणि त्याच माणसाला आम्ही पिवळा पट्टा ओलांड म्हणून सांगत होतो.

मॅडमही हसल्या, पण लगेच थांबल्या. "काका, मग तिकडे रस्ता कुठून ओलांडता?"

"झेब्राला. पांढऱ्या पट्ट्यांवरून."

"कसा ते दाखवा ना."

हे उभे राहिले. टाचा जुळवल्या. उजवीकडे हात लांब करून बोट दाखवलं आणि म्हणाले, "उजवीकडे ओके." डावीकडे बोट. "डावीकडे ओके." समोर बोट. "समोर ओके." आणि चालू लागले. पिवळ्या पट्ट्यांवरून, दारातून, थेट ओट्यापर्यंत. ओट्याला हात लागला तेव्हा त्यांनाच कळलं की आपण आत आलोय.

कंपनीत सगळ्यांना ही सवय लावलेली असते. रस्ता ओलांडताना थांबायचं, बोट दाखवायचं, तोंडानं बोलायचं आणि मगच निघायचं. बाहेरच्या माणसाला कवायतीसारखं वाटतं. मृणाल मॅडमनी मला त्यातलं मर्म सांगितलं. आपण चालतो ते न ठरवता चालतो आणि ह्या आजारात नेमकी ती आपोआप चालण्याची वाट बिघडते. पण ठरवून, मोठ्यानं बोलून, एकेक पायरी करून हालचाल केली, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. "मी हे क्लिनिकमध्ये शिकवते, त्याला क्यूइंग म्हणतात, म्हणजे इशारा देणं," त्या म्हणाल्या. "काकांना ते येतच होतं. फक्त घरात वापरायचं सुचलं नव्हतं." पिवळ्या पट्ट्या त्यांनी स्वतः उचकटून काढल्या आणि दुसऱ्या खेपेला पांढऱ्या आणून लावल्या.

आक्का वर आल्या तर दारात झेब्रा. "ह्ये काय गं? हितं काय ट्रक येत्यात व्हय?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना स्वतःही बोट दाखवून "वके" म्हणून ओलांडून गेल्या.

पण घरात चालणं वेगळं आणि शॉपमध्ये वेगळं. ह्यांचा सराव मी मुद्दाम भाजीबाजारात घेतला. गर्दी, हातगाड्या, मागून हॉर्न. ह्यांना लाज वाटायची. लोक बघतात म्हणायचे. मी म्हटलं, "अहो, मोबाईल कानाला लावून हातवारे करत चालणाऱ्यांना कुणी बघत नाही, तुम्हाला कोण बघतंय?" काही दिवस जमायचं, काही दिवस गोळीचा असर उतरलेला असायचा आणि आम्ही कोथिंबीर न घेताच रिक्षानं परत यायचो.

ह्यांचं चालणं बघायला कंपनीत बोलावलं तेव्हा मृणाल मॅडम सोबत आल्या. मलाही व्हिजिटर पास मिळाला. डोक्यावर हेल्मेट, पायात मापापेक्षा मोठे सेफ्टी शूज, अशा आम्ही दोघी बदकासारख्या चालत होतो. कंपनीचे डॉक्टर होते आणि सेफ्टी ऑफिसर जाधव. गेटपासून ट्रेनिंग सेंटरपर्यंत ह्यांनी चालायचं होतं, मध्ये फोर्कलिफ्टचा एक रस्ता. नव्या पोरांना शिकवायचं काम ह्यांना देता येईल, असं ठरत होतं. तिथपर्यंत जाता आलं तर.

पिवळ्या पट्ट्यांच्या मधून हे छान गेले. झेब्राशी पोचले आणि तेवढ्यात वळणावरून फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. हे थिजले. मला दिसलं, गुडघे थरथरायला लागले. मी पुढे व्हायला गेले तर मृणाल मॅडमनी माझं मनगट पकडलं. "काकू, नको," त्या हळूच म्हणाल्या.

फोर्कलिफ्ट गेली. हे तसेच. मग त्यांनी अंगाचा भार एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर टाकला. मॅडमनी शिकवलं होतं तसं. टाचा जुळवल्या. बोट वर आलं. आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या मशिनवरचे लोक वळून बघायला लागले. उजवीकडे ओके. डावीकडे ओके. समोर ओके. आणि गेले पलीकडे.

जाधव साहेबांनी विचारलं, "दत्ताभाऊ, आत्ता थांबलात ते काय होतं? खरं सांगा."

"अडकलो होतो, साहेब," हे म्हणाले. "पण मी काठावर अडकतो, मध्ये नाही. निघायचं ते ठरवून निघतो. आणि क्रॉसिंगला थांबायचा नियम तुम्हीच केलाय. मी तर तो पाळतो. बाकीचे धावत जातात, त्यांचं बघा तुम्ही."

जाधव हसले, डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मला रडू आवरत नव्हतं. लग्नाच्या मांडवात ह्यांना पाहून मला अभिमान वाटला होता असं काही म्हणणार नाही, तेव्हा मी घाबरलेच होते. त्या दिवशी मात्र हेल्मेट घातलेली मी, ह्या माणसाची बायको आहे म्हणून छाती फुगवून उभी होते. आणि त्या पोरीचाही तितकाच अभिमान वाटला. आपला उपाय फसल्यावर माणसाला नावं न ठेवता तिनं त्यालाच विचारलं होतं, की तुमच्याकडे कसं करतात.

डॉक्टरांनी सही केली. उत्पादनाच्या लाईनवर नाही, जनरल शिफ्ट, ट्रेनिंग सेंटर. हात असलेली खुर्ची, गोळीच्या वेळेला सुट्टी आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी.

आजार थांबलेला नाही, हे लपवत नाही. बटणं आता मी लावते, बऱ्याच शर्टांना बटणांऐवजी वेल्क्रोची पट्टी लावून घेतली आहे. आवाज बारीक झालाय, पुढच्या तपासणीत काय ठरेल माहीत नाही. ज्यांच्या घरी आज नुकतंच निदान झालंय त्यांना मी सगळं ठीक होईल असं सांगणार नाही. फक्त आपल्या माणसाला काय परत हवंय ते आधी विचारा, आणि तेच धरून बसा.

सुरुवातीला मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहून ह्यांना बसपर्यंत बघायची. परवा दूध उतू जायला आलं होतं, गॅसपुढून हलताच आलं नाही. बस आली, गेली, हेही गेले. खालून आक्कांनी हाक मारली, "सुनंदा, मालक दिसंनात. कुठं हायत?"

"कामाला गेलेत," मी म्हणाले. एवढं जवळ असून उगाचच मोठ्यानं म्हणाले, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.