लांब लांब खुर्च्या

इस्राएलमधल्या अश्दोदला आमच्या छोट्या मराठी त्रैमासिकाचं कविसंमेलन असलं, की अंकल सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर असायचे. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. बोलताना अजून हातानं इशारे करायचे. खुर्च्या मांडायचं काम त्यांचंच. दर खेपेला माणसं कमी व्हायची, तसे ते खुर्च्या थोड्या कमी मांडायचे, पण लांब लांब, म्हणजे हॉल भरलेला दिसावा. "ऐसपैस बसा, आपल्याच बापाचा हॉल हाय," म्हणायचे. सगळे हसायचे. मला मात्र त्या मोकळ्या जागेची धास्ती वाटायची.

मी संपादक. लिहिणारे चार-पाचच उरले होते. हा अंक शेवटचा, हे त्या संध्याकाळी मला सांगायचंच होतं. कविता वाचून झाल्या, टाळ्या झाल्या, तरी मी ते सांगणं पुढं ढकलत कागद आवरत होतो. तेवढ्यात ते जवळ आले.

"काय रे, पुढच्या अंकाला कविता कवा देऊ?"

"पेसाखच्या सणाआधी द्या, अंकल," मी म्हणून गेलो.

त्यांनी लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "ह्या खेपेला लांबडी लिहितो. तेवढीच तुझी पानं भरतील."